मदत हवी आहे: चाळीचा चौक आणि गॅलऱ्या सुधारायच्या आहेत

नमस्कार मंडळी,

गिरगावात आमची १९४० च्या आधीची, ‘अ’ वर्गातली उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) चाळ आहे. सगळे पागडीचे (आधी ठोक रक्कम देऊन नाममात्र भाड्यावर राहणारे) भाडेकरू. पुनर्विकास होईल तेव्हा होईल, पण तोवर आहे ती वास्तू नीट दिसावी असं आम्हा सगळ्यांना मनापासून वाटतं. गणपतीआधी काम उरकायचं आहे.

मुख्य अडचण भिंतींची. मूळ गिलावा चुन्याचा आहे. मागे कुणीतरी त्यावर ऑइल पेंट मारला, आता आत ओल कोंडून जिन्यालगत पोपडे सुटलेत. बोट लावलं की गिलाव्याची भुकटी हातात येते. माझं मत, रंग खरवडून पुन्हा चुनाच द्यावा, भिंतीला श्वास घेता येतो. रंगारी मात्र प्लास्टिक पेंटवर अडून बसलाय. चुन्याचं काम जाणणारा कारागीर मुंबईत कुणाला माहीत आहे का?

गॅलरीचे सागवानी कठडे सुंदर आहेत, ते घासून जवसाचं तेल द्यावं की पॉलिश? पावसाची झड थेट येते. कुंड्या चौकातच ठेवणार, जुन्या लाकडी तुळयांवर ओल्या मातीचं वजन नको.

खर्चाचंही विचारायचंय. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४ नुसार मालकाला लेखी नोटीस देऊन वाजवी मुदतीत (किमान १५ दिवस) दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती करून वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत रक्कम भाड्यातून वळती करू शकतात. आमचं भाडं इतकं किरकोळ की त्यातून चुन्याची पोतीही यायची नाहीत. वर्गणी खोलीमागे सारखी घ्यावी की क्षेत्रफळावर? एकट्या राहणाऱ्या आजींवर भार पडायला नको. तुमच्या चाळीत कसं केलंत?