गौरीगणपतीचं वाणसामान: मार्टात जाऊन खरंच पैसे वाचतात का?

शेवंती_तळीकडची
नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतून लिहितेय, रेंज येते जाते त्यामुळे उत्तराला उशीर झाला तर रागावू नका. आमच्याकडे गौरीगणपतीला मुंबईकर धरून १७-१८ पानं असतात आणि यंदा सामानाचं सगळं सासूबाईंनी माझ्या गळ्यात घातलंय, म्हणजे चुकलं की बोलायला कोणीतरी हवं ना. दरवर्षी आम्ही शृंगारतळीच्या वाण्याकडून वहीवर आणतो. जाऊबाई म्हणाल्या काय हे, चिपळूणला मार्टात जा, सगळं स्वस्त. म्हटलं आधी थोडं आणून बघू, गेल्या आठवड्यात गेले. एसटीला आम्हा बायकांना अर्धं तिकीट म्हणून मी खूश, पण स्टँडवरून रिक्षा, परत येताना दोन पिशव्या नि एक बॉक्स घेऊन परत रिक्षा, असं करून अडीचशे उडाले. बिल झालं ३,१४० आणि घरी येऊन चिठ्ठीशी ताडून बघितलं तर चिठ्ठीतलं सामान १,९०० चंच, बाकी सगळं आपलं दिसलं म्हणून घेतलं, त्यात एक प्लास्टिकचा डबा, तो कशाला घेतला ते मला आता आठवतही नाहीये.

पण खरी जखम तेलाची. वाण्याकडे सूर्यफूल १५८ ला, तिथे १४५, म्हणून पाच पिशव्या उचलल्या. सासूबाईंनी एक हातात घेतली, खालीवर केली आणि म्हणाल्या, "ही जरा हलकी वाटत नाही गं?" बघते तर खाली बारीक अक्षरात ८०० ग्रॅम. वाण्याकडची लिटरची होती!! आता सांगा, मी फसले की नाही, आणि गणपतीचं मोठं सामान कुठून भरू?

माडाखालचा
ताई, फसलात, पण फार नाही. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, कारण तेल पाण्यापेक्षा हलकं. म्हणजे वाण्याकडे १०० ग्रॅमला १७ रुपये ३६ पैसे आणि तुमच्या पिशवीत १८ रुपये १२ पैसे. पाच पिशव्यांत ७२५ दिलेत, तेवढंच तेल लिटरच्या भावाने ६९५ ला आलं असतं, म्हणजे ३० रुपयांना गंडलात. पण तुम्हाला वाटत होतं ६५ वाचले, त्यामुळे जखम ९५ ची आहे असं धरा.

पूर्वी तेल, चहा, बिस्किटं वगैरे ठराविक मापातच पॅक करायची सक्ती होती, ती आता काढलीये. म्हणून ८००, ८१०, ८५० ग्रॅम असली मापं दिसतात आणि पिशवी मात्र लिटरच्या पिशवीशेजारी ठेवली तर जुळी बहीण वाटते. दहा रुपयाच्या पुड्याचं तेच, किंमत हलत नाही, आतला माल बारीक होत जातो.

पाकिटावर एमआरपीच्या जवळ यूएसपी म्हणून आकडा असतो बघा, म्हणजे ग्रॅमचा किंवा किलोचा भाव. किलोच्या आतलं असेल तर ग्रॅमवर, वरचं असेल तर किलोवर. पण यातही गोची आहे, तो भाव एमआरपीवर काढलेला असतो आणि मार्टात तुम्ही एमआरपीपेक्षा कमी देता, त्यामुळे दोन पिशव्यांचे यूएसपी लावून उपयोग नाही. मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा, दिलेले पैसे भागिले ग्रॅम. एकीकडे लिटर एकीकडे ग्रॅम असेल तर लिटरच्या पिशवीवर बहुतेक वेळा ग्रॅमही छापलेले असतात, ते धरा. मी हे मार्टाच्या मधल्या गल्लीत उभा राहून करतो, बायको ओळख दाखवत नाही.

वाण्याचा_पोरगा
आमचं दुकान आहे (कुठे ते सांगत नाही, गिऱ्हाईकं इथे आहेत) म्हणून आतली गोष्ट सांगतो. मार्टवाला साखर, तूरडाळ, तेल यातलं एखाद दुसरं जवळजवळ खरेदीच्या भावात ठेवतो, त्याची जाहिरात करतो आणि ते ठेवतो एकदम मागच्या कोपऱ्यात. तिथवर जाताना तुमच्या हातात बिस्किट, शाम्पू, डबा येतो, त्याची कमाई तिथे. शेवंतीताई तुमचा डबा म्हणजे त्यांची साखर स्वस्त विकल्याची भरपाई. आम्हाला हे करता येत नाही, साखरेत आम्हाला किलोमागे रुपया दोन रुपये सुटतात, त्यात उधारी. ती जत्रेपर्यंत.

आता आमच्या लोकांचंही सांगतो, उगाच साळसूदपणा नको. काट्यावर माल ठेवायच्या आधी आकडा शून्यावर आहे का बघा, बोलत बोलत बघा पण बघा. काजू, खोबरं, वेलची असलं महाग सामान जाड कागदी पिशवीत घालून पिशवीसकट तोलतात, तिथे सांगा पिशवीचं वजन वजा करा, काट्याला त्याचं बटण असतं. मिठाईवाले पुठ्ठ्याचा बॉक्स पेढ्याच्या भावात देतात, तिथे तर नक्की बोला. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापनवाल्यांकडून दरवर्षी तपासणी करून शिक्का घ्यावा लागतो, सर्टिफिकेट दुकानात लावलेलं असतं, नजर टाकली तरी दुकानदार सरळ होतो.

आणि सुटं घ्या. सुट्या डाळ-तांदळावर जीएसटी नाही, पाकीटबंद लेबलवाल्यावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के आहे. पण तो २५ किलोपर्यंतच्या पॅकला, म्हणून तर बाजारात तांदळाची २६ किलोची गोणी आली! १८ पानं असतील तर शेजारच्या घराबरोबर अशी एक गोणी फोडून घ्या.

दापोलीचा_दमट
वाण्याच्या पोरा, सुटं सुटं करू नकोस, सुटी हळद आणि मिरचीपूड घेऊ नका कोणी. मसाल्याची पूड पॅकिंगशिवाय विकायला बंदीच आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात घरात मसाला होतो तर सुटी पूड लागतेच कशाला.

दुसरं म्हणजे गोणी. भाद्रपदात आपल्याकडे हवा अशी असते की मीठ पाणी सोडतं, पापड वातड होतो, आणि तुम्ही रवा-बेसन मोठं पॅक स्वस्त म्हणून आणणार. गेल्या वर्षी मी "एकावर एक फ्री" रवा आणला, फ्रीवाला जाळी लागून गाईला गेला. म्हणजे गाईला फ्री मिळाला, मला नाही. असल्या ऑफरचा माल घेताना आधी तारीख बघा, बहुतेक वेळा तिथेच उत्तर असतं. तांदूळ, डाळी एरंडेल चोळून कोठीत राहतात, पण रवा, पोहे, शेंगदाणे, डाळं आठवड्याला लागेल तेवढंच. वाण्याकडे तेवढं पाव किलोने मिळतं, हाच त्याचा फायदा.

वेंगुर्ल्याची_मावशी
गो बाय, ह्या सगळा तेलाचा झाला, पण गणपतीत खरो पैसो जाता तो नारळात, ता कोण बोलणा नाय. शेकड्यान घे पण डोळे झाकून घेव नको. हातात घेवन वजन बघ, कानाकडे हलव, काय्येक वाजला नाय तर ठेव परत. डोळ्यांकडे ओल नायतर बुरशी असली तरी नको. वाडीतल्या कोणाकडे माड असतीत तर सरळ थयसूनच घे. आमसुला घेतानाव दाबून बघ, वर मिठाची पूड लय दिसली तर तू मिठाक आमसुलाचो भाव देतंस. मोदकाच्या पिठाचा पाकीट तर अजाबात आणू नको, वासाचे तांदूळ धुवन पंख्याखाली सुकव आणि गिरणीत दे, पाकिटाच्या पैशात दुप्पट पीठ होयत. गूळ चिक्कीचो घेतलंस तर सारण दगड होयत, साधो घे. सुक्या बाजाराचा आता विचारू नको, वशाटाचा, म्हंजे म्हावऱ्याचा, गणपती गेल्यावर बोलू.

माडाखालचा
मावशी, मिठाक आमसुलाचो भाव!! नोंद केली. शेवंतीताई अजून एक राहिलं, मार्टात बिल तिथल्या तिथे दाराशी उभं राहून वाचा. फळीवर एक भाव नि बिलात दुसरा, किंवा एकच वस्तू दोनदा, हे होतं, मुद्दाम असेल नसेल पण घरी आल्यावर गुहागरहून परत कोण जाणार. आणि एमआरपीच्या वर कोणी घेतलं, समुद्रावर थंड बाटलीला फ्रीजचे म्हणून जादा लावतात तसं, तर १९१५ ला फोन करा, ग्राहक हेल्पलाईन आहे. मी एकदा नुसता नंबर डायल करायला घेतला तर पाच रुपये परत आले.

शेवंती_तळीकडची
सगळ्यांचे आभार, दोन दिवस लाईट नव्हती. तेलाच्या पिशवीवर भिंग घेऊन यूएसपी शोधला, एमआरपी १७० आणि ग्रॅमला २१ पैसे असं आहे, म्हणजे दादा म्हणाले ते बरोबर, मी दिलेल्या भावाशी त्याचा काही संबंध नाही. सासूबाईंना वाटलं मी पत्रिका बघतेय.

आता असं ठरलंय की तांदळाची गोणी समोरच्या घराबरोबर अर्धी अर्धी, डाळी, गूळ, रवा शृंगारतळीला सुटं, नारळ वरच्या वाडीतल्या काकांकडून, ते शेकड्याला काय सांगतात ते बघायचं, नात्यातले असल्यामुळे घासाघीस करता येत नाही ही एक वेगळीच अडचण. मार्टात गेलेच तर कोणीतरी गाडी घेऊन चिपळूणला जाणार असेल तेव्हा फक्त साबण, पावडर, मुंबईकर पोरांचं खाणं आणि तेही चिठ्ठी हातात धरून. मावशी, मोदकाचं पीठ तुमच्या पद्धतीने करतेय, तांदूळ पंख्याखाली पसरलेत आणि लाईट परत गेलीये. वाण्याकडे काल गेले तर काट्याकडे बघत उभी होते, तो म्हणाला "काय वहिनी, वजन करायचंय का तुमचं?" आणि शून्य करून दाखवलं.

त्या पाच पिशव्या वड्यांना काढणारे, गौरी जेवायच्या आत संपवायच्यात, जाऊबाई येऊन भाव विचारायच्या आधी.