त्रिस्तान द कुन्या: बाहेरच्यांना कायमचं राहू द्यावं का?

गलबत
दक्षिण अटलांटिकमधलं हे ब्रिटिश बेट. माणसं अडीचशेच्या आत, गाव एकच. विमानतळ नाही, केपटाऊनहून सुमारे २८०० किमी, बोटीने आठवडाभर लागतो आणि वर्षाला फेऱ्याही मोजक्याच. जमीन सामाईक, बाहेरच्याला विकत मिळत नाही, कायमचं वसताही येत नाही. सोळाव्या वर्षानंतर पुढचं शिकायचं तर बेट सोडावंच लागतं. गाव म्हातारं होत चाललंय. माझ्या मते थोडी कुटुंबं तरी बाहेरून घ्यायलाच हवीत. आणखी वीस वर्षांनी होड्या हाकायला हात कुठून आणणार?

खारावारा
साफ असहमत. तिथलं जगणं उभंच आहे सामाईकपणावर. १८१७ साली विल्यम ग्लास आणि त्याच्या सोबत्यांनी करार केला, की कोणी कोणाहून मोठा नाही, साठा सगळ्यांचा सारखा. आजही समुद्र शांत असला की पहाटे टांगलेला सिलिंडर ठणाठणा वाजवतात, आणि एरवी दुसरी कामं करणारे लोकही होड्या घेऊन लॉब्स्टरला जातात. संध्याकाळी माल आला की कारखान्यात बाकीचे उभे. दगडी कुंपणातले बटाट्याचे वाफे घराघरात वाटलेले, गुरं किती पाळायची तेही ठरलेलं. यात पैसेवाला माणूस जमीन घेऊन बसला की पहिल्याच वर्षी हिशोब बिघडतो.

आणि हे लोक बाहेरचं जग बघून आलेत. १९६१ मध्ये ज्वालामुखी फुटला तेव्हा अख्खं गाव इंग्लंडला हलवलं. वीज, दुकानं, नोकऱ्या सगळं समोर होतं. तरी १९६३ मध्ये बहुतेक जण परत आले.

पाटीपेन्सिल
परत आले ते ठीक, पण ती पिढी वेगळी होती. आजच्या मुलाला इंटरनेट दिसतं. डॉक्टर तर आजही कंत्राटावर बाहेरूनच येतात ना? मग सुतार आला तर काय बिघडतं?

खारावारा
कंत्राटावर येणारा मुदत संपली की जातो. वाटा मागत नाही. फरक तोच आहे.

गलबत
मग वाटा न देता राहू द्या! मी जमीन विकायला सांगतच नाहीये. दक्षिण अटलांटिकमधल्याच सेंट हेलेना या दुसऱ्या ब्रिटिश बेटावर २०१७ मध्ये विमानं सुरू झाली, बाहेरच्यांना घरही घेता येतं, तरी लोंढा काही आला नाही. मग इतक्या दूर, उतरायचं तर बंदरही लहानसं आणि लाटा उठल्या की बंद, तिथे कोण झुंबड करणार? येईल तो मनापासूनच येईल.

खारावारा
मग निर्णय त्यांच्या बेट परिषदेने घ्यावा, लंडनने नाही. एवढं मान्य असेल तर माझा विरोध अर्धा कमी.

पाटीपेन्सिल
मान्य. पण परिषदेने मत मागताना शिकायला बाहेर गेलेल्या मुलांनाही विचारावं. परत यायचं की नाही, हे ठरवणार तीच आहेत.