बोवी: नट की नुसतं नजरेत भरणारं ध्यान?

तिरपा_सूर (धागाकर्ता)

डेव्हिड बोवी गायक म्हणून कुठे बसतो यावर वाद घालायला मी धागा काढलेला नाही. वाद आहे तो नट बोवीवर. 'गायक आणि अभिनेता' असं सरसकट छापतात आणि पुरावा म्हणून तीच चार नावं पुढे करतात: निकोलस रोगचा 'द मॅन हू फेल टू अर्थ' (1976), जपानी दिग्दर्शक ओशिमाचा 'मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स' (1983), 'लॅबिरिंथ' (1986) आणि नोलनचा 'द प्रेस्टिज' (2006).

परग्रहावरून आलेला माणूस. अख्ख्या युद्धकैदी छावणीत उठून दिसणारा गोरा कैदी. गॉब्लिनांचा राजा. निकोला टेस्ला. चौघंही भोवतालच्यांपेक्षा वेगळे, आणि बोवी फ्रेममध्ये आला की काही न करताही वेगळाच दिसतो. शाळकरी वयातल्या मारामारीत डाव्या डोळ्याची बाहुली कायमची विस्फारली, त्यामुळे दोन डोळे दोन रंगांचे वाटतात. कॅमेरा जवळ नेला की निम्मं काम झालं. याला पात्रनिवड म्हणतात, अभिनय नव्हे.

खरी कसोटी साध्या माणसाची भूमिका. 'जस्ट अ जिगोलो' (1978) मध्ये तो पहिल्या महायुद्धातून परतलेला, बेकार, भांबावलेला प्रशियन अधिकारी आहे. तिथे वेगळेपण उपयोगाचं नाही, तर हातांचं काय करायचं हेसुद्धा त्याला सुचत नाही.

कॅसेटची_बी_साइड

'जिगोलो' पडेल आहे, मान्य. पण तो पुरावा म्हणून वापरताना एक गोष्ट सोयीस्कर गाळलीत. त्यातले जुन्या जमान्यातली तारका मार्लेन डीट्रिखबरोबरचे प्रसंग दोघांनी एकत्र केलेलेच नाहीत. तिचं चित्रीकरण पॅरिसमध्ये झालं, बोवीचं बर्लिनमध्ये, आणि संकलनाच्या टेबलावर दोघं 'भेटले'. अशा वेळी नजर कुठे ठेवायची याची खूण मिळते, पण समोरच्याच्या वाक्याला चेहऱ्यावर जे आपसूक उमटतं ते मिळत नाही. मुरलेला नट ते आठवणीतून आणतो, नवखा लाकडी दिसतो. बोवीची तेव्हा ही जेमतेम दुसरी मोठी भूमिका.

त्याचा अभिनय बघायचा तर 'द एलिफंट मॅन' हे नाटक धरा, विद्रूप शरीराच्या मेरिकची गोष्ट. 1980 मध्ये डेन्व्हर, शिकागो, मग ब्रॉडवेवरचं बूथ थिएटर, जानेवारी 1981 पर्यंत. चेहऱ्यावर रबर नाही, कुबड नाही. डॉक्टर मेरिकची छायाचित्रं दाखवत त्याच्या शरीराचं वर्णन करतो आणि लंगोटीवर उभा असलेला नट वर्णनाबरोबर एकेक अवयव वाकडा करत नेतो. मग सगळं नाटक त्याच अवस्थेत, शब्द तोंडाच्या एका कोपऱ्यातून. इथे 'ध्यान' कामाला येत नाही. उलट देखणेपण आड येतं.

फ्रेमबाय_फ्रेम

दोघंही दोन वेगळ्या यंत्रांबद्दल बोलताय.

बोवीचं प्रशिक्षण लिंडसे केम्पकडचं, 1967-68 च्या सुमाराचं, आणि ते मूकाभिनयाचं. मूकाभिनयात हालचाल तोडून दाखवतात: आधी थांबा, मग हालचाल, मग पुन्हा थांबा, म्हणजे शेवटच्या रांगेला कळतं. रंगमंचावर हे सोनं. क्लोजअपमध्ये तोच थांबा 'बघा, मी आता काहीतरी करतोय' असं ओरडतो. म्हणून 'एलिफंट मॅन' चालतं आणि 'जिगोलो' अडखळतो. नट एकच, अंतर बदललं.

ओशिमाला हे बरोब्बर कळलं होतं. त्याने बोवीला ब्रॉडवेवर पाहूनच घेतलं. 'मेरी ख्रिसमस'मध्ये बोवीचा सेलिअर्स कोठडीत आहे, आता गोळ्या घालणार अशी समजूत. तो नसलेल्या वस्तऱ्याने दाढी करतो, नसलेला चहा पितो, नसलेली सिगारेट ओढतो. संवाद जवळपास नाहीत. केम्पच्या शाळेतला धडा जसाच्या तसा, पण कथेत एक माणूस पहारेकऱ्यांसमोर मुद्दाम 'दाखवून' करतोय, त्यामुळे दाखवणं खटकत नाही. आणि ओशिमा एक-दोन टेकमध्ये पुढे सरकणारा दिग्दर्शक, घोटून घोटून सफाई आणायची सोयच नाही.

तिरपा_सूर

दाढीचा प्रसंग दिला. मग त्याच चित्रपटातला शाळेचा फ्लॅशबॅकही घ्या. पस्तिशीचा बोवी शाळेच्या गणवेशात! धाकट्या भावाच्या भूमिकेत खरा मुलगा, आणि शेजारी हा बाप्या. तिथे चाल, खांदे, आवाज, काहीतरी लहान करायला हवं होतं. काहीच बदललेलं नाही. अख्ख्या सेलिअर्सचा अपराधगंड ज्या प्रसंगावर उभा आहे, तोच हसू आणतो.

गोटी_फिरवणारा

'लॅबिरिंथ'बद्दल कुणी काही म्हणायच्या आधी सांगतो, ते काचेचे गोळे बोवी फिरवत नाही. ते हात जगलर मायकल मोशेनचे. तो बोवीच्या मागे दबून बसायचा, आपला हात बोवीच्या काखेखालून पुढे काढायचा, आणि गोळे न बघता फिरवायचा. गोळा पडला की टेक बाद.

आता बोवीच्या बाजूने बघा. आपला खरा हात लपवायचा, खांदा हलवायचा नाही (हलला की मोशेनच्या बोटांचा अंदाज चुकतो), आणि पुढे आलेला परका हात आपलाच आहे अशा बेफिकिरीने संवाद म्हणायचे. नजर गोळ्यावर खिळली की बिंग फुटतं. बोवी बहुतेक वेळा समोरच्या मुलीकडे बघतो, गोळ्याकडे सहज, ओझरतं. हे काम करून दाखवा आणि मग 'नुसतं ध्यान' म्हणा.

कॅसेटची_बी_साइड

+1. आणि त्यातल्या 'मॅजिक डान्स' गाण्यातले बाळाचे आवाजही बोवीचेच, स्टुडिओत आणलेलं बाळ गप्प बसलं म्हणून.

हन्सा_टोनमास्टर

सिनेमावाले गाणं विसरले. 1977 च्या 'हीरोज' गाण्याचं गायन बर्लिनच्या हन्सा स्टुडिओत निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीने तीन माइक लावून घेतलं: एक तोंडापासून साधारण 23 सेंटिमीटरवर, दुसरा 6 मीटरवर, तिसरा 15 मीटरवर. लांबच्या दोघांना गेट लावलेलं, म्हणजे आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला तरच ते उघडणार. सुरुवातीच्या कडव्यांत फक्त जवळचा माइक चालू, कानात बोलल्यासारखं. शेवटाकडे तो ओरडतो तेव्हा दूरचे माइक उघडतात आणि मागचं मोठं दालन ऐकू येतं. हलकं ओरडला तर गेट अर्धवट फडफडणार आणि टेक खराब. म्हणजे कुठल्या शब्दाला किती अंतरावरच्या माणसाशी बोलायचं हे गाताना सांभाळायचं.

हा अभिनयच आहे, आणि अव्वल आहे. माझी तक्रार एवढीच की सिनेमात त्याने बहुतेक वेळा जवळचा एकच माइक वापरला. 'लास्ट टेम्प्टेशन' चित्रपटातला रोमन सुभेदार पायलेट (1988) बघा. एकच प्रसंग, येशूशी कारकुनी सुरात, जवळजवळ कंटाळून बोलतो. अप्रतिम आहे. पण तीन मिनिटांच्या प्रसंगाला एक माइक पुरतो, दोन तासांना नाही.

सुरेल_शंका

आणि या नादात गाण्याचं नुकसान किती झालं? 'टुनाइट' (1984) आणि 'नेव्हर लेट मी डाउन' (1987) या दोन पडेल अल्बमांच्या मध्ये 'अ‍ॅब्सोल्यूट बिगिनर्स' आणि 'लॅबिरिंथ' हे चित्रपट. योगायोग?

हन्सा_टोनमास्टर

मग 1976 चं काय करणार? रोगच्या चित्रपटासाठी त्याने संगीतावर काम केलं, ते वापरलं गेलं नाही, जॉन फिलिप्सचं आलं. पण त्याच चित्रपटातली छायाचित्रं 'स्टेशन टू स्टेशन' आणि 'लो' या अल्बमांच्या वेष्टनांवर आहेत. 'लो'वर तर बाजूने घेतलेला चेहरा, म्हणजे लो आणि प्रोफाइल, 'लो प्रोफाइल' (नजरेत न येता राहणं) असा शब्दांचा खेळ. भूमिकेने गाण्याला काहीच दिलं नाही असं कसं म्हणणार?

फ्रेमबाय_फ्रेम

'बास्किया' चित्रपटातला (1996) बोवीचा चित्रकार अँडी वॉरहॉल कुणी काढलाच नाही. विग खुद्द वॉरहॉलचा, पिट्सबर्गच्या संग्रहालयातून उसना आणलेला. ज्यांनी वॉरहॉलला जवळून पाहिलं अशी माणसं तेव्हा हयात होती आणि त्यातला डेनिस हॉपर त्याच चित्रपटात होता. इथे बोवीने आपलं ऐटबाज चालणं पार टाकून दिलंय: पावलं अर्धी, वाक्यं अर्धी, हात पोटाशी. हातांचं काय करायचं ते सुचत नाही म्हणालात ना?

तिरपा_सूर

वॉरहॉल बघतो पुन्हा. तोही 'वेगळा'च माणूस हे नोंदवून ठेवतो. 'एलिफंट मॅन'चे तुकडेच बघायला मिळतात, त्यावर मी मत देणार नाही. पायलेट मान्य, मोशेनमागचा खांदा मान्य. शाळेचा गणवेश मात्र मागे घेत नाही.