जेलीफिश डसली तर गोडं पाणी नको
कुणीतरी म्हटलंय की जेलीफिश लागली की बाटलीतलं पाणी ओता आणि टॉवेलने खसाखसा पुसा, प्लीज असलं काही करू नका. अंगाला चिकटलेल्या जेलीफिशच्या धाग्यांमध्ये विषाच्या न फुटलेल्या पेशी असतात, गोडं पाणी लागलं किंवा चोळलं की त्या अजून फुटतात आणि आग डबल. समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, धागे चिमट्याने उचलायचे, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात (४५ डिग्रीच्या वर नको) २०-३० मिनिटं तो भाग ठेवायचा, बराच आराम पडतो. श्वास लागला किंवा तोंड सुजलं तर मात्र थेट हॉस्पिटल. आणि हो, वाळूत मरून पडलेलीही डसते, पोरं आधी काडीने ढोसतात आणि मग हात लावतातच.