एरर २०१ आला की प्रोसिजरमध्ये '= नल' लिहून मोकळं व्हायचं का?

धागाकर्ती
एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर काम करणाऱ्यांना हा एरर तोंडपाठ असतो: प्रोसिजरला (डेटाबेसमध्येच साठवलेल्या प्रोग्रॅमला) अमुक पॅरामीटर (तिला पुरवायची किंमत) हवा होता, तो मिळाला नाही. क्रमांक २०१. तिला कॉल करणाऱ्या सी शार्पच्या कोडमध्ये तर पॅरामीटर जोडलेला दिसतो. मग घाईत कुणीतरी प्रोसिजरच उघडतं, त्या पॅरामीटरपुढे '= नल' लिहितं (म्हणजे 'किंमत आली नाही तर रिकामी धर', ही झाली डीफॉल्ट किंमत) आणि तक्रारीचं तिकीट बंद करतं. या सवयीला माझा ठाम विरोध आहे.

चूक बहुतेक वेळा कॉल करणाऱ्या कोडमध्ये असते. पॅरामीटरची व्हॅल्यू सी शार्पमधला साधा नल असेल, तर सर्व्हरला 'तुझी डीफॉल्ट किंमत घे' एवढंच कळतं. डीफॉल्ट नसेल तर २०१. खरोखर नल पाठवायचा असेल तर डीबीनल.व्हॅल्यू (डेटाबेसचा नल) लागतं. कमांडटाइप (कमांड कोणत्या प्रकारची ते सांगणारी सेटिंग) 'स्टोअर्ड प्रोसिजर' करायचं राहिलं तरी हाच एरर येतो, कारण मग नुसतं प्रोसिजरचं नाव क्वेरी म्हणून चालतं आणि पॅरामीटर तिच्यापर्यंत पोचत नाहीत.

सगळ्यात फसवं प्रकरण शून्याचं. सी शार्पमध्ये पॅरामीटर बनवताना न्यू एसक्यूएलपॅरामीटर("@सवलत", ०) असं लिहिलं की कंपायलर त्या शून्याला किंमत मानत नाही, डेटाटाइपचा क्रमांक मानतो. शून्य क्रमांकावर बिगइंट (मोठ्या पूर्णांकांचा टाइप) आहे. म्हणजे टाइप ठरला, किंमत रिकामी राहिली. तिथे १ लिहा, चालतं. ० लिहा, २०१. आता प्रोसिजरमध्ये '= नल' असेल तर तोही एरर येणार नाही. रकमेतून नल वजा केला की उत्तर नल, आणि बेरजेचं फंक्शन सम() अशा ओळी वगळूनच बेरीज करतं. अहवालातला आकडा कमी येईल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

बॅकेंडवाला
शून्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य, निष्कर्ष अजिबात मान्य नाही. एकच प्रोसिजर चार-पाच सर्व्हिसेस (वेगवेगळे प्रोग्रॅम) वापरत असतात. नवा पॅरामीटर डीफॉल्टशिवाय टाकलात, तर डेटाबेसचं डिप्लॉय झाल्या क्षणी (बदल चालू सिस्टीमवर गेल्या क्षणी) जुन्या सगळ्या सर्व्हिसेस २०१ देऊन पडतील. सगळं एकाच वेळी प्रॉडक्शनवर जाईल असं कुठल्या टीममध्ये होतं? डीफॉल्ट ही सोय याचसाठी आहे. शून्याची चूक कोड रिव्ह्यूमध्ये पकडा, त्यासाठी प्रोसिजरला वेठीस का धरायचं?

ओरॅकलकर
तुम्हाला निदान एरर तरी येतो. ओडीपी डॉट नेटमध्ये (सी शार्पमधून ओरॅकल डेटाबेसला जोडणाऱ्या लायब्ररीत) बाइंडबायनेम, म्हणजे नावाने जोडण्याची सेटिंग, मुळात बंद असतं, म्हणजे नावं काहीही द्या, पॅरामीटर क्रमानेच जोडले जातात. टाइप जुळले नाहीत तर पीएलएस-००३०६ हा एरर दिसतो. पण 'खाते_पासून' आणि 'खाते_पर्यंत' हे दोन्ही नंबर असतील आणि क्रम उलटा झाला, तर कॉल बिनबोभाट पार पडतो आणि पैसे उलट्या दिशेने जातात. म्हणून मी धागाकर्तीच्या बाजूने. ओरडणारा एरर गप्प करू नये.

पोस्टग्रेसवाला
बॅकेंडवाल्यांचा डीफॉल्टचा उपाय आमच्याकडे, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये, जसाच्या तसा चालत नाही. फंक्शनला डीफॉल्टसह नवा पॅरामीटर जोडून क्रिएट ऑर रिप्लेस ('नवं बनव किंवा जुनं बदल' ही आज्ञा) केलं, तर जुनं बदलत नाही, शेजारी दुसरं तयार होतं. मग जुन्या पद्धतीचा कॉल 'नक्की कोणतं?' म्हणून अडतो. जुनं आधी ड्रॉप करावं, म्हणजे काढून टाकावं लागतं.

डीबीए ताई
वाद घालण्याआधी सर्व्हरवर काय पोचलं ते बघत जा. एक्स्टेंडेड इव्हेंट्समध्ये (एसक्यूएल सर्व्हरच्या नोंदी टिपणाऱ्या साधनात) आरपीसी कम्प्लीटेड, म्हणजे पूर्ण झालेल्या कॉलची नोंद, लावा. '@सवलत=default' दिसलं तर व्हॅल्यू नल होती. कॉल एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएलमधून (साधी क्वेरी चालवणाऱ्या सर्व्हरच्या प्रोसिजरमधून) आला असेल तर कमांडटाइप राहिलाय. दोन मिनिटांचं काम आहे, तरी लोक तासन् तास कोड चाळत बसतात.

आणि एररच न देणाऱ्या चुका जास्त छळतात. प्रोसिजरचा पॅरामीटर व्हारचार (मजकुराचा साधा टाइप) आणि कोलेशन (अक्षरं कशी साठवायची ते ठरवणारी सेटिंग) यूटीएफ-८ नसलेलं, अशा ठिकाणी 'सातारा' पाठवा. टेबलात '??????' पडतं. टेबलाचा कॉलम एनव्हारचार (सर्व लिप्या साठवणारा टाइप) असला तरी उपयोग नाही, अक्षरं पॅरामीटरमध्येच गेलेली असतात. व्हारचार(५०) पॅरामीटरला साठ अक्षरं दिली तर शेवटची दहा मुकाट कापली जातात. मराठी नावं-पत्ते साठवणाऱ्यांनी हे आज तपासाच.

धागाकर्ती
बॅकेंडवाले, डिप्लॉयची अडचण खरी आहे. पण तात्पुरता म्हणून टाकलेला डीफॉल्ट नंतर कोण काढतं? त्यापेक्षा नवी प्रोसिजर नव्या नावाने करा. जुनी तशीच ठेवून तिने आतून नवीला सवलत शून्य असं स्पष्ट लिहून कॉल करावं. जुन्या सर्व्हिसेस चालत राहतील, आणि नव्यांनी पॅरामीटर विसरला तर त्यांना २०१ मिळेल.

बॅकेंडवाला
पैशाच्या आणि नोंदी बदलणाऱ्या प्रोसिजरसाठी हे पटलं, असंच करू. शोधाच्या प्रोसिजरसाठी नाही. तिथे गाव, पिनकोड, तारीख हे सगळे फिल्टर ऐच्छिकच असतात, आणि 'दिला नाही' याचा अर्थ 'सगळे दाखव' हाच आहे. तिथले '= नल' मी काढणार नाही.