शब्दचर्चा: मर्देका, मार्हाएन, कार्यावान – इंडोनेशियाच्या लढ्यातले ओळखीचे वाटणारे शब्द

मूळ प्रश्न

इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचत होते. १७ ऑगस्ट १९४५ रोजी लढ्याचे पुढारी सुकार्नो यांनी जकार्तात आपल्या घरासमोर वाचून दाखवला, तोच. जेमतेम दोन वाक्यांचा मजकूर आहे. पहिलं वाक्य असं: 'कामी बांग्सा इंडोनेसिया दंगान इनी मन्याताकान कमर्देकाअन इंडोनेसिया.' आम्ही इंडोनेशियन राष्ट्र याद्वारे इंडोनेशियाचं स्वातंत्र्य जाहीर करतो.

'बांग्सा' म्हणजे आपला 'वंश' असं कळलं. मग 'मर्देका' कुठून आला? 'मर्द'शी काही नातं आहे का? दुसरं म्हणजे, राष्ट्रासाठी 'वंश' हा शब्द कानाला बरा वाटत नाही. आणि तिसरी शंका: लढ्याचे शब्द असे संस्कृत वळणाचे, तर तिथल्या कम्युनिस्टांना ते चालले कसे? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

'मर्द'शी काही नातं नाही. मूळ शब्द 'महर्द्धिक', म्हणजे मोठ्या ऋद्धीचा, संपन्न, सामर्थ्यवान. तो जुन्या जावानी आणि मलय भाषांत गेला आणि तिथे हळूहळू 'कुणाचा बांधील नसलेला' या अर्थावर स्थिरावला. डच आमदानीत बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, मुक्त झालेल्या गुलामांची आणि त्यांच्या वंशजांची एक वस्तीच होती. त्यांना डच 'मर्डाइकर' म्हणत. त्यांतल्या पुष्कळांचे पूर्वज हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरून नेलेले होते. हे लोक ख्रिस्ती होते आणि पोर्तुगीज वळणाची बोली बोलत. म्हणजे सुकार्नोंच्या तोंडी हा शब्द येण्याआधीच त्याला गुलामीतून सुटलेल्या माणसाचा अर्थ चिकटलेला होता. माझ्या मते या शब्दाची ताकद तिथे आहे, संस्कृत मुळात नाही.

'बांग्सा'बद्दल. मूळ 'वंश' हे खरं, पण शब्द प्रवासाला निघाला की मूळ अर्थ घरीच राहतो. 'नगारा' हा 'नगर'वरून आलेला शब्द, पण त्याचा अर्थ राज्य किंवा देश. उलट 'देसा' हा आपला 'देश', आणि तिथे तो म्हणजे खेडं. आपणही 'देशावरचे लोक' म्हणतो तेव्हा भारत डोळ्यांसमोर नसतो, घाटमाथ्यापलीकडचा मुलूख असतो. २८ ऑक्टोबर १९२८ ला बटाव्हियातल्या युवक परिषदेत शपथ घेतली गेली: मायभूमी एक, बांग्सा एक, आणि भाषा इंडोनेशियन. शपथ घेणाऱ्यांत जावानी होते, सुमात्रातले होते, अंबोनचे होते. यांचा वंश एक कसा असेल? ती सगळी माणसं मिळून एक बांग्सा होणार होती, आणि 'वंश' या मूळ अर्थाला बाजूला सारूनच ते शक्य होतं.

प्रतिसाद

'मर्देका'ला एक मराठी धागा आहे, तो इथे सांगायलाच हवा. ऑक्टोबर १९४५ मध्ये ब्रिटिशांनी सुराबायात ४९ वी भारतीय ब्रिगेड उतरवली. तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. जपानी शरण आले होते, डचांना परत यायचं होतं, आणि मध्ये आपली माणसं उभी केली होती. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी ३० ऑक्टोबरला मारले गेले आणि १० नोव्हेंबरला ब्रिटिशांनी शहरावर मोठा हल्ला चढवला. तो दिवस आजही इंडोनेशियात वीरदिन म्हणून पाळतात. सातारा-कोल्हापूरकडच्या त्या पोरांनी समोरून येणारी 'मर्देका!' ही आरोळी ऐकली असणार. इकडे तेव्हा स्वातंत्र्य यायचं होतं, आणि दुसऱ्याचं स्वातंत्र्य दाबायला आपले जवान पाठवल्याबद्दल काँग्रेसचे पुढारी संतापले होते. पलटणींच्या इतिहासात अशा लढाया नुसत्या पराक्रम म्हणून नोंदल्या जातात, त्याचं वाईट वाटतं.

मलायातही हाच शब्द चालला. ३१ ऑगस्ट १९५७ ला क्वालालंपूरला टुंकू अब्दुल रहमान यांनी तो सात वेळा उच्चारला. तेव्हा तिथल्या जंगलात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा चालूच होता.

प्रतिसाद

तिसऱ्या शंकेवर मी लिहितो, कारण खरी गोम तिथेच आहे.

इंडोनेशियाचा कम्युनिस्ट पक्ष २३ मे १९२० ला सेमारांगमध्ये स्थापन झाला, चिनी पक्षाच्या एक वर्ष आधी. त्याचं बी रुजवणारा डच कार्यकर्ता स्नेव्हलीट पुढे शांघायला चिनी पक्षाच्या स्थापनेच्या बैठकीलाही हजर होता. चीन, जपान, व्हिएतनाम इथे 'कम्युनिझम'साठी 'सामाईक मालमत्ता' अशा अर्थाचा देशी शब्द घडवला गेला. आपण 'साम्यवाद' केला, पण पक्षाला मात्र कम्युनिस्टच म्हणत राहिलो. इंडोनेशियात 'कोमुनिस' तसाच ठेवला.

'मर्देका' कम्युनिस्टांना परका मुळीच नव्हता. १९२६च्या अखेरीस जावात आणि १९२७च्या आरंभी पश्चिम सुमात्रात त्यांनी डचांविरुद्ध उठाव केले, ते फसले, आणि शेकडो लोक न्यू गिनीतल्या बोव्हेन दिगुलच्या जंगलात हद्दपार झाले. सुकार्नोंचा राष्ट्रीय पक्ष त्यानंतर, १९२७च्या जुलैत निघाला. तान मलाका तर जुना कम्युनिस्ट. १९४६ मध्ये डचांशी वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा त्याची मागणी होती 'मर्देका शंभर टक्के'. आपल्याकडे वसाहतीचं स्वराज्य की पूर्ण स्वराज्य हा वाद झाला, त्याच जातीचा हा वाद. १९४९ मध्ये त्याला प्रजासत्ताकाच्याच सैनिकांनी गोळी घातली. शंभर टक्के मागणाऱ्याची अशी गत व्हावी, हे वाचताना अजूनही चरका बसतो.

आता 'मार्हाएन'. सुकार्नो सांगत ती हकिगत अशी: बांडुंगच्या दक्षिणेला शेतात एक माणूस राबताना दिसला. जमीन कुणाची? माझी. कुदळ? माझी. नांगर? माझाच. झोपडी? तीही माझी. आणि पोट भरतं का? जेमतेम. त्या शेतकऱ्याचं नाव मार्हाएन. सुकार्नोंनी तेच नाव उचललं आणि अशा सगळ्यांना लावलं. युरोपातल्या पोथीत कामगाराकडे स्वतःच्या श्रमाखेरीज काहीच नसतं. इथे अवजारं आहेत, वितीएवढी जमीन आहे, तरी दारिद्र्य आहे. अडचण खरी होती. मराठीतही 'सर्वहारा' हा शब्द डाव्यांच्या पुस्तकांबाहेर फारसा पडला नाही. दोन एकर कोरडवाहू असलेल्याला सर्वहारा कसं म्हणणार? शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांच्या पक्षाच्या नावात 'शेतकरी' आधी आणि 'कामगार' नंतर आला, तो याच जमिनीतून. योगायोग बघा, त्या पक्षात एकमेकांना 'भाई' म्हणतात, आणि तिकडे सुकार्नोंना 'बुंग कार्नो' म्हणत. 'बुंग' म्हणजेही भाऊच.

प्रतिसाद

दादा, छान लिहिलंत. 'नासाकोम'चं राहिलं. सुकार्नोंनी राष्ट्रवाद, धर्म आणि कम्युनिझम यांची मोट बांधून केलेला तो शब्द. त्यातला मधला 'आ' आहे 'आगामा'चा, म्हणजे आपला 'आगम'. तिकडे त्याचा अर्थ सरळ 'धर्म', इस्लामही आगामाच. शीर्षकातल्या 'कार्यावान'वर कुणीच लिहिलं नाही?

प्रतिसाद

त्याच्यासाठीच परत आलो. राबणाऱ्यासाठी तिकडचा रूढ शब्द 'बुरुह'. चळवळीचा, संपाचा, मोर्चाचा शब्द. कम्युनिस्टांच्या बाजूच्या कामगार महासंघाच्या नावात तो होता, मंत्रालयाच्या नावातही होता. १९५७च्या डिसेंबरात कामगारांनी डच कंपन्या ताब्यात घेतल्या. थोड्याच दिवसांत लष्कराने त्या आपल्या हाती घेतल्या आणि व्यवस्थापकाच्या खुर्चीत लष्करी अधिकारी बसले. आता संप म्हणजे त्यांच्याविरुद्ध संप. त्या वेळी लष्कराच्या पाठिंब्याने 'कार्यावान' पुढे आला: 'कार्य' अधिक 'वान'. काम करणारे सगळेच कार्यावान, साहेबही आणि हमालही. मग भांडण कुणाचं कुणाशी? १९६४ मध्ये लष्कराने उभारलेल्या 'गोलोंगान कार्या'च्या, म्हणजे पुढे सुहार्तोंचा सत्ताधारी पक्ष झालेल्या गोलकारच्या नावातही तोच 'कार्य' आहे.

१९६५च्या ३० सप्टेंबरच्या रात्री सहा जनरल आणि एक लेफ्टनंट यांना पळवून ठार केलं गेलं. लष्कराने ठपका कम्युनिस्ट पक्षावर ठेवला. त्यानंतर काही महिन्यांत कम्युनिस्ट म्हणून, किंवा नुसत्या संशयावरून, जी माणसं मारली त्यांचे अभ्यासकांचे अंदाज पाच लाखांपासून दहा लाखांपर्यंत जातात. पक्षावर १९६६ मध्ये बंदी आली. सुकार्नोंना बाजूला सारून सत्तेवर आलेल्या जनरल सुहार्तोंच्या काळात 'बुरुह' हा शब्दच संशयित ठरला. मंत्रालयाच्या पाटीवरून तो गेला आणि 'तनागा कर्जा', म्हणजे मनुष्यबळ, आलं. 'कर्जा' हाही 'कार्य'चाच जुना अपभ्रंश. राजकीय कैद्यांना 'तापोल' म्हणत, आणि तुरुंगातून सुटल्यावर त्यांच्या ओळखपत्रावर 'ई टी', म्हणजे माजी तापोल, अशी दोन अक्षरं मारत. नोकरी मागायला गेलं की ती आधी दिसत. १ मेची सार्वजनिक सुट्टी परत आली २०१४ मध्ये, आणि तिचं नाव 'हारी बुरुह'.

म्हणून संस्कृत मुळाचे शब्द दिसले की आपल्याला जो आनंद होतो, तो इथे जरा आवरता घ्यावा. 'मर्देका' हा सुटलेल्या गुलामाचा शब्द होता. 'कार्यावान' वरून लादला.

प्रतिसाद

सहमत नाही. 'कर्मचारी' म्हटल्यावर माणसाला मान मिळतो. सफाई कामगाराला सफाई कर्मचारी म्हटलं तर बिघडलं काय? प्रत्येक शब्दामागे सरकारचा डाव शोधायचा नसतो.

प्रतिसाद

मान मिळत असेल तर जरूर म्हणावं, ज्याला म्हणायचं त्याने स्वतः निवडलेलं असलं म्हणजे झालं. प्रश्न कुणी निवडलं याचा आहे. सफाई कामगार कायम झाला की कर्मचारी म्हणवून घेतो, ती त्याची कमाई. पण कंत्राटावरच्या माणसाला पगार तोच ठेवून नुसता 'कर्मचारी' म्हटलं, तर मिळालं काय? १९८२च्या संपातल्या लोकांना आजही कुणी 'गिरणी कर्मचारी' म्हणून बघा. लालबाग-परळमध्ये तो शब्द कुणी ऐकूनही घेणार नाही.