ओटीपी कुठे येणार, तेही ठरवा

दुकानाच्या हिशेबाची हार्डडिस्क रोज रात्री घरी नेली की ऑफसाइट बॅकअप (म्हणजे दुकानाबाहेर ठेवलेली प्रत) झाला, असं म्हटलं जातं. दुकानाला आग लागली तर ते ठीक, पुरात नाही. २२ जुलै २०२१ला चिपळूणमध्ये वाशिष्ठी नदीचं पाणी शिरलं तेव्हा माझं बाजारपेठेतलं दुकान आणि घर दोन्ही पाण्याखाली होतं. हार्डडिस्क कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. पाणी ओसरल्यावर काढली, तर यूएसबीच्या खाचेत चिखल भरलेला.

टॅलीची, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदींची, दुसरी प्रत क्लाउडवर (इंटरनेटवरच्या साठ्यात) होती, त्यामुळे मी निर्धास्त होतो. पुण्याला भावाकडे जाऊन लॉगिन करायला बसलो, तर ओटीपी माझ्याच नंबरवर जाणार आणि फोन पाण्यात गेलेला! डुप्लिकेट सिम सुरू होईपर्यंत पाच दिवस गेले. कुणाकडून किती येणं आहे, हे सांगायला हातात एक कागद नव्हता. म्हणून कळकळीने सांगतो, क्लाउड खात्याचे रिकव्हरी कोड (ओटीपी न मिळाल्यास लॉगिनसाठी वापरायचे कोड) कागदावर छापून दुसऱ्या गावातल्या विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. माझे आता भावाकडे आहेत. दर तीन महिन्यांनी तो त्याच्या लॅपटॉपवर बॅकअप रिस्टोअर करतो, म्हणजे त्यातला हिशेब पुन्हा उघडून बघतो, आणि फोनवर आम्ही शिल्लक ताळून बघतो.